जिला पाहायचं नाही ती

अल्नाबाच्या हातात सुरी आली की मेंढी आपणहून मान टाकते, असं लुकाचुकाईच्या खोऱ्यात बोललं जायचं. त्यात थोडी थट्टा होती आणि बरीच धास्ती. बाई होतीच तशी खमकी. मेंढी आडवी पाडायची, गुडघा तिच्या बरगड्यांवर रोवायचा, मान मागं वळवायची, तोंडातल्या तोंडात एक शब्द पुटपुटायचा आणि सुरी ओढायची. रक्त परातीत धरायचं, थेंब मातीत जाऊ द्यायचा नाही. शेजारचे पुरुष मदतीला पुढं आले तर म्हणायची, "सरका, सावलीत बसा. तुमचे हात थरथरतात." तो शब्द कोणता, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पोटच्या मुलीलाही नाही.

नवरा लवकर गेला. मागं राहिली एक मुलगी, इर्मा, आणि मेंढरं. आम्हा दिने जमातीच्या लोकांत मेंढरं बाईची, घर बाईचं, चराईची जमीनही बाईची. लग्न झालं की पुरुष खांद्यावर खोगीर टाकून बायकोच्या आईच्या वस्तीवर राहायला येतो. सगळेच घरजावई, त्यामुळं कुणी कुणाला हिणवायची सोय नाही. इर्माचा नवरा हॉस्की असाच आला. अंगानं दांडगा, जिभेनं तिखट आणि कामाला वाघ. अल्नाबाला जावई मनापासून पसंत होता. फक्त लग्न ठरलं त्या दिवसापासून तिनं त्याला पाहिलं नव्हतं, आणि त्यानं तिला.

आमच्यात सासूला नावच मुळी 'जिला पाहायचं नाही ती' असं आहे. सासू-जावयाची नजरानजर झाली की जावयाचे डोळे जातात. कुणाला खोटं वाटत असेल तर खुशाल वाटो. अल्नाबाच्या सख्ख्या मामाच्या डोळ्यात फूल पडलं होतं, आणि दारू पिऊन तो सासूच्या होगानमध्ये, म्हणजे तिच्या लाकूडमातीच्या गोल घरात, कसा शिरला होता हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. पुढं तो आंधळा माणूस बायकोचा पदर धरून फिरला आणि त्याची पोरं दुसऱ्यांच्या दारात वाढली. ते अल्नाबानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून तिच्या कमरपट्ट्याला बोराएवढी चांदीची घंटा असायची. ती चालली की घंटा किणकिणायची, आणि घंटा ऐकली की हॉस्की असेल तिथून पाठ फिरवून दुसरीकडं चालू लागायचा. तोंडात घास असला तरी! असा शहाणा जावई मिळायला नशीब लागतं, असं बायका म्हणायच्या.

बोलणं व्हायचं ते इर्माच्या तोंडून. झाडाच्या फांद्यांच्या मांडवात मधोमध एक घोंगडी टांगलेली. अलीकडं अल्नाबा मागावर विणत बसायची, पलीकडं हॉस्की जेवायचा, आणि इर्मा बिचारी दोन्हीकडं भाकरी आणि निरोप पोचवायची.

त्या वसंतात मेंढ्या व्यायल्या आणि कोल्ह्यांनी धुमाकूळ घातला. पहाटे अल्नाबा मेंढवाड्याकडं गेली तर कुंपणाची जुनिपरची फांदी ओढून काढलेली, आणि आत रक्ताचा चिखल. कोकरांचे गळे फाडलेले. काही खाल्लेली, पण बरीचशी नुसतीच मारून टाकलेली. एक मेंढी आपल्या पिल्लाचं बाहेर आलेलं आतडं चाटून चाटून साफ करत होती, आणि ते पिल्लू अजून जिवंत होतं. अल्नाबानं सुरी काढली आणि जी तडफडत होती ती एकेक करून मोकळी केली. तिचा कुत्रा काळतोंड्या फाटक्या कानानं दारात उभा होता. त्याच्या तोंडात कोल्ह्याच्या केसांचा पुंजका होता.

दुपारी हॉस्की पलीकडून म्हणाला, "इर्मा, आईला सांग, कोल्ह्यांनी पुन्हा कोकरं फाडली."

"आई, हॉस्की म्हणतोय—"

"मला कान आहेत," अल्नाबा म्हणाली. "नवऱ्याला सांग, फाडलेली मीच उचलली. शिळी बातमी नको."

"आईला सांग, माझ्याकडं लोखंडी चाप आहेत. गोऱ्यांच्या गुरांच्या रानात कामाला होतो तेव्हा लावायला शिकलोय. एक हिवाळा द्या, या खोऱ्यात कोल्हा औषधाला उरणार नाही."

"त्याला सांग, कोल्हा मारायचा नसतो. अंगाला पीडा लागते."

"आईला विचार, मग कोल्ह्याला नोकरीवर ठेवलंय का?"

अल्नाबाचा हात मागावर थांबला. "हो, ठेवलंय! मला काय तो मेला लाडका आहे? तुझ्या नवऱ्यानं कधी सकाळी टेकाडावर बसून पाहिलंय का? बिज्जू बीळ खणतो आणि कोल्हा मागच्या भोकाशी बसून राहतो. बिळखार पुढून निघाली तर बिज्जूची, मागून निघाली तर कोल्ह्याची. एक खणतो, एक धरतो. दोघं सख्ख्या भावांसारखे फिरतात. कोल्हा गेला तर मागच्या भोकाशी कोण बसणार? हॉस्की बसणार?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. बिज्जू म्हणजे लांब नखांचं, जमीन उकरणारं बुटकं जनावर. आणि बिळखारी म्हणजे काय, तर खारीच्या जातीच्या, पण झाडाऐवजी जमिनीत राहणाऱ्या. गवत खातात, शेपटी उडवून भुंकतात, आणि राखेत भाजल्या की चवीला झकास लागतात. त्यांना कोण भितो!

पण दोन दिवसांनी पुन्हा तसाच वाडा, तसंच रक्त. या वेळी इर्माच्या धाकट्या पोरीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं कोकरू होतं. पोर त्याचं मुंडकं कुशीत घेऊन बसली, उठेचना. अल्नाबानं ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि घोंगडीच्या दिशेनं ओरडली, "सांग तुझ्या नवऱ्याला, लाव म्हणावं काय लावायचंय ते! फक्त कातडी माझ्या वस्तीवर आणायची नाहीत."

हॉस्कीनं लावले. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, टेकाडाच्या वाटेवर, पाणवठ्याशी. चाप मातीत पुरायचा, वर चाळून बारीक माती पसरायची, बाजूला कोल्ह्याचंच मूत शिंपडायचं. पाय पडला की लोखंडी जबडा फटकन मिटायचा आणि हाड मोडल्याचा आवाज यायचा. सकाळी हॉस्की दांडका घेऊन जायचा. कोल्हा त्याला पाहून ओरडायचाही नाही. पोट मातीला लावून, कान पाडून नुसता बघत राहायचा. हॉस्की नाकावर एक घाव घालायचा, मग छातीवर पाय देऊन उभा राहायचा, धडधड थांबेपर्यंत. एका सकाळी चापात नुसता पंजा सापडला. कोल्हीण पाय चावून, तोडून निघून गेली होती. हॉस्कीनं ते इर्माला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात रागही होता आणि थोडा आदरही.

पुढचा वसंत आला, आणि काय सांगू, एक कोकरू गेलं नाही. वाडा पांढऱ्या पिल्लांनी भरला. हॉस्की जेवताना मोठ्यानं म्हणाला, "आईला विचार, कोकरं मोजून झाली का? का अजून मोजतेच आहे?"

अल्नाबानं हातातला धागा हिसकून ओढला. पण त्या दिवशी मेंढीच्या बरगडीचा सगळ्यात चरबीचा तुकडा घोंगडीपलीकडं गेला. हरलं की हरलं म्हणायची दानत होती बाईकडं.

मग उन्हाळा लागला आणि बिळखारी वर आल्या.

आधी पाणवठ्याकडच्या कुरणात, मग टेकाडाच्या अलीकडं, मग थेट वाड्याच्या मागं. जिकडं पाहावं तिकडं मातीचे उंचवटे, आणि प्रत्येकावर एक उभी, भुंकतेय. त्या गवत नुसतं खात नाहीत. उंच वाढलेलं दिसलं की कापून टाकतात, शत्रू लांबून दिसावा म्हणून. शत्रू तर उरलाच नव्हता, पण सवय कुठं जाते? कुरण न्हाव्यानं भादरल्यासारखं झालं. इर्मानं पोत्यानं बिळखारी भाजल्या. पोरं खाऊन खाऊन कंटाळली, तरी बाहेर भुंकणं कमी होईना. मेंढ्यांच्या पाठीचे मणके दिसू लागले.

एके दिवशी अल्नाबाच्या घोडीचा पाय बिळात गेला आणि काडीसारखा मोडला. हाड कातडी फाडून बाहेर आलं. घोडी तीन पायांवर उभी राहायला बघायची आणि पुन्हा पडायची, आणि अशी किंचाळायची की ऐकवत नव्हतं. बंदूक हॉस्कीकडं, आणि हॉस्की समोरच्या उतारावर लाकडं तोडत होता. कुऱ्हाडीचा आवाज इथवर येत होता. पण त्याला हाक कशी मारायची? जन्मात एक शब्द त्याच्याशी बोलली नव्हती. शेवटी अल्नाबा घोडीच्या मानेवर बसली, तिचे डोळे ओढणीनं झाकले, तो शब्द पुटपुटला आणि सुरीनंच काम केलं. मेंढीचा गळा आणि घोड्याचा गळा यात फरक असतो. तिचा घागरा रक्तानं इतका जड झाला की चालताना पायाला आपटत होता.

त्याच आठवड्यात तिला बिज्जू दिसला. हॉस्कीच्या चापात अडकलेला, रात्रभर झटून झटून भोवतालची माती वर्तुळात खणलेली, पुढचे दात लोखंडावर मोडलेले. ती जवळ गेली तसा फिस्कारला. चांगला म्हातारा होता. गेलं वर्षभर तो एकटाच खणत होता, हे तिनं टेकाडावरून पाहिलं होतं. तो पुढून खणायचा आणि बिळखार मागून पसार व्हायची. खणणारा होता, धरणारा नव्हता. तिनं सुरी काढली आणि त्यालाही मोकळं केलं.

त्या दुपारी तिनं निरोप दिला, "इर्मा, सांग त्याला, चाप काढ सगळे. बास झालं."

"आईला सांग, एकच राहिलीय. ती पंजा तोडून गेलेली लंगडी. तिला पिल्लं झालीत, मी माग पाहिलेत. तेवढी गेली की काढतो."

"तेवढीच तर राहू दे म्हणतेय मी!"

"आईला सांग, अर्धं काम करणारा माणूस मी नाही."

"मग सांग त्याला, गाढवही नाही. गाढवाला तरी वळवता येतं."

इर्मा यातलं काहीच पुढं सांगत नव्हती. डोक्याला हात लावून बसली होती.

जमीन आपली, मेंढरं आपली, आणि आपलं ऐकत नाही म्हणजे काय! अल्नाबानं मग आपलाच मार्ग काढला. मेंढरं चारायला नेताना जुनिपरची लांब काठी घ्यायची आणि चाप दिसला की काठी टोचून मिटवायचा. हॉस्कीच्या कानावर पडू नये म्हणून घंटेत लोकरीचा बोळा कोंबायची, आणि तिची पावलं मेंढरांच्या खुरांखाली पुसून जायची. नुसता मिटवून तिचं समाधान होईना. साखळीला धरून चाप उपटायचा आणि उताणा करून ठेवायचा, हॉस्कीला चिडवायला! वय झालं तरी खोड जात नाही.

हॉस्की चिडला. पण त्याच्या मनात आलं ते भलतंच.

"आईला सांग," तो घोंगडीपलीकडून म्हणाला, "ती लंगडी माझे चाप मिटवून उलटे करून ठेवतेय. अशी बेरकी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही."

अल्नाबाला हसू आवरेना. ओढणी तोंडात कोंबून म्हणाली, "सांग त्याला, बाईच्या वाटेला जाऊ नये."

यावर हॉस्की काही बोलला नाही. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. तो जिभेचा माणूस गप्प बसला म्हणजे डोक्यात काही शिजत होतं. चाप मिटवणारी येते, एका ठरावीक बाजूनं येते, टेकते आणि मग उपटते. तर ती टेकते तिथंच दुसरा चाप पुरायचा. पुढचा दाखवायला, मागचा धरायला. ओढ्याच्या वळणावर दोन दगडांमध्ये खोबण होती, तिथं त्यानं तो बसवला, आणि वर इतकी सारखी माती पसरली की मुंगीलाही कळू नये.

शरदातली सकाळ होती. मेंढरं ओढ्याच्या काठानं चरत होती, काळतोंड्या त्यांच्यामागं. अल्नाबानं पुढचा चाप काठीनं मिटवला, खूश झाली, गुडघ्यावर बसली आणि साखळी ओढायला वाकताना डावा हात दगडांमधल्या मातीवर टेकला.

फटकन आवाज झाला. दुखायच्या आधी तिला आवाजच ऐकू आला. मग तिनं पाहिलं. मधल्या बोटापासून करंगळीपर्यंत तीन बोटं लोखंडी जबड्यात होती आणि नखांखालून रक्त उसळत होतं. ती ओरडली नाही. चापाच्या दोन्ही कमानी एकदम पायानं दाबल्या की जबडा उघडतो, हे तिला माहीत होतं. एका कमानीवर पाय पोचत होता, पण दुसरी दगडाखाली होती. तिनं दाबलं, ओढलं, दातांनी साखळी धरली, दगडानं दगड फोडायला गेली. प्रत्येक हिसक्याला जबडा हाडात आणखी रुतत होता.

रक्ताचा वास रानात लपत नाही. लंगडी आली ती काठावरून, आणि मागं तिची दोन वाढलेली पिल्लं. अल्नाबाकडं त्यांनी पाहिलंही नाही. सरळ कोकरांत शिरली. काळतोंड्या झेपावला. कुत्र्यानं लंगडीला मानेला धरून लोळवलं, तेवढ्यात एका पिल्लानं मागून त्याचं पोट फाडलं. तरी त्यानं मान सोडली नाही. दुसऱ्यानं त्याचा घोटा तोडला तेव्हा सुटली. अल्नाबा एका हातानं दगड मारत होती, शिव्या देत होती, आणि तिच्यापासून काठीभर अंतरावर तो कुत्रा आपल्याच आतड्यात पाय अडकून फिरत फिरत खाली बसला. मेंढरं ओरडत उधळली.

आणि त्या गोंधळात तिला टापा ऐकू आल्या.

हॉस्की. चाप पाहायला निघालेला. ओढ्याच्या पात्रातून येत होता. वळण ओलांडलं की समोर ती, तोंड त्याच्याकडं, हलायची सोय नाही. अल्नाबाच्या डोळ्यांपुढं मामा उभा राहिला, पांढरी बुबुळं, हातात बायकोचा पदर. इर्मा, तिची पोरं, आणि त्यांच्यासाठी लाकूड तोडणारा, मका पेरणारा हा एकच पुरुष. हात आपला गेला तर गेला. त्याचे डोळे गेले तर सगळं घर गेलं.

तिनं उजव्या हातानं घंटेतला लोकरीचा बोळा उपटला आणि घंटा जोरजोरात वाजवली.

टापा थांबल्या. मग घोडा वळला आणि आल्या वाटेनं परत गेला.

शहाणा जावई. तिला अभिमान वाटला, अगदी खरा. मग हळूहळू कळलं की आता कुणी येणार नाही. आणि आला तर तोच येणार, आणि पुढच्या वेळी कदाचित घंटा वाजवायची ताकद नसेल.

लंगडी एका कोकराला मानेला धरून ओढत नेत होती. पुढचा एक पाय अर्धाच, त्याचं टोक गुळगुळीत झालेलं. तीन पायांवर ती किती झपझप जाते, हे अल्नाबानं पाहिलं. मग तिनं कमरेची सुरी काढली.

मेंढीच्या पायाचा सांधा कुठं असतो ते तिच्या हाताला ठाऊक होतं. बोटाचा काही वेगळा नसतो. हाडावर घाव घालायचा नाही, सांध्यात टोक घालायचं आणि फिरवायचं. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं, तो शब्द पुटपुटला, या वेळी स्वतःसाठी, आणि पहिलं बोट सोडवलं. दुसऱ्याला डोळ्यांपुढं अंधारी आली. थांबली, श्वास घेतला. तिसरं करंगळीचं, ते सोपं गेलं. हात मोकळा झाला तसा तिनं घागऱ्यात गुंडाळला आणि दगडाला टेकून बसली.

तेव्हा आवाज आला. माणसाचा, ओरडण्याचा, अगदी जवळून.

"वाजवा! घंटा वाजवा! मी येतोय, डोळे बांधलेत मी!"

वळणावरून हॉस्की येत होता. डोक्याचा लाल रुमाल डोळ्यांवर करकचून बांधलेला, दोन्ही हात पुढं. बिळखारींच्या भोकात पाय जाऊन पडत होता, उठत होता. गुडघे फुटलेले, ओठ फाटलेला. अर्ध्या वाटेवर त्याच्या ध्यानात आलं होतं की मेंढरांचा आवाज वरच्या काठानं निघून गेला आणि घंटा मात्र तिथंच, दगडांच्या खोबणीपाशी वाजली होती. मग त्यानं घोडा सोडून दिला होता.

डोळे बांधून येता येतं. अल्नाबाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं! इतकं साधं. तिच्या तोंडून आवाज निघाला, तो रडण्याचा की हसण्याचा हे तिलाही सांगता आलं नसतं.

तिनं घंटा वाजवली. तो आवाजावर आला, गुडघ्यावर बसला, चाचपडत चापापर्यंत पोचला. त्याच्या हातांना चाप पाठ होता. बोटं जबड्यावरून फिरली, मिटलेल्या दातांवरून, आणि जे जबड्यात राहिलं होतं त्याच्यावर थांबली. त्यानं पुन्हा चाचपलं. मग त्या दांडग्या माणसानं कपाळ दगडावर आपटलं, एकदा, दोनदा, आणि ढोरासारखा हंबरला.

अल्नाबानं त्याच्याशी बोलायला पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पुरे. डोकं फोडून घेशील तर चुलीला लाकूड कोण आणणार?" तिचा आवाज चिरकत होता. "दुसरा चाप चांगला लावला होतास रे. मला कळला नाही. आता सगळे काढ."

"सासूबाई, मला... मला वाटलं लंगडी..."

"माहीत आहे. रुमाल सोडू नकोस! सदरा फाड आणि हात बांध. मी सांगते कुठं ते."

त्यानं सदरा फाडला आणि न बघताच हात बांधला. तिची तीन बोटं त्यानं चाप उघडून काढली आणि तिच्या सांगण्यावरून दगडाखाली खोल पुरली, करणी करणाऱ्या कुणा दुष्टाच्या हाती पडू नयेत म्हणून. काळतोंड्या अजून धापा टाकत होता. अल्नाबानं हॉस्कीचा हात धरून कुत्र्याच्या मानेवर नेला. त्यानं एका झटक्यात ते काम केलं.

मग ती पुढं आणि तो मागं, असे ते वस्तीवर आले. ती घंटा वाजवत चालत होती, तो घंटेमागं, हातात तिच्या काठीचं दुसरं टोक. दारात उभ्या इर्मानं ते पाहिलं आणि तिच्या हातातली कॉफीची किटली खाली पडली.

हॉस्कीनं सगळे चाप गोळा केले आणि कड्याच्या भेगेत टाकले. खाली पडताना ते बराच वेळ वाजत होते. कुरण सावरायला काही वर्षं गेली. लंगडीची पोरं वाढली, नवा बिज्जू कुठूनसा आला, आणि टेकाडावरून सकाळी पुन्हा एक खणताना आणि एक मागच्या भोकाशी बसलेला दिसू लागला. दर वसंतात काही कोकरं जायची. पहाटे वाड्यात रक्त दिसायचं, अल्नाबा शिव्या घालायची, सुरी काढायची, आणि उरलेली मेंढरं गवतात सोडायची. सगळ्यांचा वाटा असतो, आणि तो कुणी सुखासुखी घेत नाही, असं ती म्हणायची.

लोकांनी सुचवलं की एक विधी करा, दोघांवर मंत्र म्हणवून घ्या, म्हणजे पाहायची मोकळीक होते. आमच्यात तशी सोय आहे. अल्नाबा नाही म्हणाली. "पाहून काय करायचंय? त्यानं पाहू नये तेच बरं."

ती पुन्हा मागावर बसू लागली. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि एका बोटानं धागा धरायची, बाकी काम उजव्यानं. विणणं हळू झालं, पण थांबलं नाही. आणि दर वर्षी, लोकर कातरायच्या दिवसांत, घोंगडीच्या पलीकडं जेवण मध्येच थांबायचं आणि हॉस्की खालच्या आवाजात म्हणायचा, "इर्मा, आईला विचार, हात कसा आहे."

इर्मा आईकडं बघायची. आई धागा ओढत राहायची, मग नेहमीसारखी खेकसायची.

"त्याला विचार, बघितलायस का कधी? नाही ना? मग सांग, पाचही बोटं जागच्या जागी आहेत."

मग पलीकडून कॉफीचा भरलेला पेला घोंगडीखालून हळूच अलीकडं सरकायचा, तिच्या उजव्या हाताशी.